लॅपटॉपच्या तोंडाला कुंकू

माझा हात सुटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला धक्का बसायला नको. बाप मेला पण त्याचा हात तुझ्या खांद्याला चिकटवून गेला, असं आई म्हणते. शाळेत पाट्या फोडल्या, डिप्लोमाला डोकी फोडली, वाळूजच्या कंपनीत एका सुपरवायझरच्या अंगावर लोखंडी फिक्श्चर फेकलं आणि नोकरी घालवली. बायको दीड वर्ष राहिली. एका सकाळी सुजलेला गाल ओढणीत झाकून माहेरी गेली, ती परत आलीच नाही. तिचं काहीच चुकलं नाही. आणि मागच्या दसऱ्यानंतर, एका डॉकिंग स्टेशनपायी, मी माझ्या एकुलत्या एका दोस्ताच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. त्या हातावरच त्याचं पोट आहे.

दोस्ताचं क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एक शटर, एक टेबल, टेबलावर मायक्रोस्कोप. बाकीचे दुकानदार ज्या लॅपटॉपला 'गेला, नवा घ्या' म्हणतात तो हा उघडतो, मुंगीएवढा पार्ट चिमट्यात धरतो, श्वास रोखतो आणि सोल्डर करून बसवतो. मी कितीदा तरी शेजारी स्टुलावर बसून ते बघितलंय. हात जरासुद्धा हलत नाही. त्याची एक सवय होती. कुणाला काही विकलं किंवा दुरुस्त करून दिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाला फोन लावायचा आणि एवढंच विचारायचा, चालू झालं ना? हो म्हणलं की ठेवून द्यायचा.

डिप्लोमाची तीन वर्षं आम्ही उस्मानपुऱ्यात एका खोलीत काढली. दोघांत एक गादी, एक बादली. पहिल्या सुट्टीत मी त्याला गंगापूरकडं आमच्या गावी घेऊन गेलो होतो. तो बौद्ध, आम्ही गावातले जमीनवाले. आईनं सगळ्यांना स्टीलच्या कपात चहा दिला आणि त्याला कान तुटलेल्या चिनी मातीच्या कपात. मी तो कप त्याच्या हातातून काढून घेतला आणि भिंतीवर फोडला. चहा आईच्या लुगड्यावर उडाला. त्यानंतर आमच्या घरात वेगळा कप निघाला नाही. त्या कपाचा मला लई अभिमान होता. पुढची पंधरा वर्षं मी तो किस्सा चारचौघांत सांगत फिरलो, त्याच्यासमोरसुद्धा. तो नुसता ऐकून घ्यायचा.

आता मी घरूनच टूल डिझाईन करतो, पत्रा कापायच्या आणि वाकवायच्या डाय काढतो. गेल्या वर्षी बाहेरच्या देशातलं मोठं काम येऊ घातलं होतं. सोमवारी त्यांच्यासमोर ऑनलाइन बसून सगळं डिझाईन दाखवायचं होतं. मॉडेल फिरवून दाखवायचं, शेजारी ड्रॉइंग उघडं ठेवायचं आणि तिसरीकडं त्यांचे चेहरे. एका मॉनिटरवर हे जमणार नाही असं माझ्या डोक्यात बसलं. दुसरा मॉनिटर आणला, पण लॅपटॉपला मॉनिटरची वायर लावायची जागा एकच. म्हणून डॉकिंग स्टेशन, म्हणजे डॉक, हवा होता. लॅपटॉपला एकच वायर लावायची, आणि दोन्ही मॉनिटर, माऊस, कीबोर्ड, इंटरनेट सगळं त्या डब्याला.

मी नेटवरून तीन डॉक निवडून त्याच्याकडं गेलो. त्यानं तिन्ही नापास केले. मला राग आला, पण त्याचं ऐकायचो मी. तो सांगायचा तसं सांगतो. डॉक दोन जातीचे असतात. एक लॅपटॉपमधून येणारं चित्र जसंच्या तसं पुढं पाठवतो. त्याला लॅपटॉपचं ते चपटं टाइप-सीचं भोक चित्र देणारं लागतं, सगळ्या लॅपटॉपचं नसतं. दुसरा कुठल्याही भोकाला चालतो, पण चित्र सॉफ्टवेअर टाकून बनवतो. हिशेबाचे कागद बघायला ठीक आहे, मॉडेल गरागरा फिरवायला लागलास की अडखळतो. तुला पहिलाच पाहिजे, म्हणाला. माझा लॅपटॉप उलटापालटा करून त्यानं त्या चपट्या भोकाजवळची बारीक खूण मला दाखवली, आपला एक डॉक लावून दुकानातल्या दोन स्क्रीन चालवून दाखवल्या आणि म्हणाला, मागवतो. अॅल्युमिनियमचा, जड, विटेच्या अर्ध्याएवढा डॉक त्यानं मागवला.

मध्ये दसरा आला. तो दरवर्षीसारखा पांढरे कपडे घालून घरच्यांबरोबर लेणीवर गेला, दुकान दोन दिवस बंद. इकडं खंडेनवमीला आईनं हत्यारांची पूजा मांडली. गावी असताना विळे, कुऱ्हाडी, नांगर, ट्रॅक्टर असायचे. आता ती माझ्याकडं शहरात राहते, फ्लॅटमध्ये काय हत्यार असणार? विळी, पाना, माझी गाडी आणि लॅपटॉप. मी आंघोळ करून आलो तेव्हा लॅपटॉपच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं होती आणि वर झेंडूचं फूल. मी फूल बाजूला ठेवलं, झाकण पुसलं आणि कामाला बसलो.

डॉक शुक्रवारी आला. दुपारी जेवण सोडून मी जोडणी केली. माऊस चालला, कीबोर्ड चालला, आणि दोन्ही मॉनिटरवर एकच पाटी, सिग्नल नाही. वायर काढली, परत लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. मॉनिटरच्या वायरी बदलल्या. ती चपटी पिन भोकात नीट बसत नाही असं वाटलं म्हणून अंगठ्यानं जोर देऊन आत ठासली. सिग्नल नाही. संध्याकाळपर्यंत मी हेच करत होतो. मग माझं डोकं फिरलं. खुर्चीला लाथ घातली, तिचा पाय मोडला. तो मोडलेला पाय घेऊन पंख्याचं रेग्युलेटर फोडलं. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिनं आतून कडी लावली. तिला पाठ आहे ते.

शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. चालू झालं ना? मी त्याला आईवरून शिव्या घातल्या. तो शांतपणे म्हणाला, दुकानात घेऊन ये, बघू. आता कुणीही शहाणा माणूस लॅपटॉप घेऊन गेला असता. मी फक्त डॉक आणि त्याची वायर पिशवीत कोंबली आणि निघालो. माझ्या लेखी गुन्हेगार डॉकच होता.

दुकानात तो एकटाच होता, मायक्रोस्कोपखाली कुणाचा तरी बोर्ड लावून बसलेला. त्यानं डॉक घेतला, आपल्या लॅपटॉपला स्वतःच्या वायरीनं जोडला, आणि दोन्ही स्क्रीन लख्ख लागल्या. मी म्हणलं, तू जुना माल माझ्या गळ्यात मारलास आणि आता काहीतरी चलाखी करून दाखवतोस. दोस्ताला असं म्हणायची माझी ही पहिली वेळ नव्हती, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. माझी वायर हातात घेतली, तिचं टोक दिव्याखाली धरलं. बघत राहिला आणि जरासा हसला.

"ह्याला तांबडं काय लागलंय रे? घरी पूजा-बिजा केली का मशीनची?"

त्याला उत्तर सापडलं होतं. आणखी एक मिनिट मी गप्प बसलो असतो तर त्यानं लॅपटॉप आणायला सांगितलं असतं, पाच मिनिटांत भोक साफ केलं असतं, आणि आम्ही बाहेर जाऊन चहा घेतला असता. पण मला ते हसू दिसलं. आमच्या पूजेला हसतो हा, असं डोक्यात आलं. हा कोण हसणारा, असं आलं. आणि मी त्याची जात काढली.

तो शब्द मी इथं लिहीत नाही. माझ्या बापाच्या तोंडचा शब्द होता तो, गड्यांना हाक मारायचा. मी आयुष्यात कधी वापरला नव्हता. पण आठवावा लागला नाही, जिभेवर तयारच होता.

त्याचं हसू गेलं. त्यानं वायर खाली ठेवली आणि म्हणाला, "परत म्हण." मी परत म्हणलं. तो उठायला लागला, उजवा हात टेबलावर टेकून. मी डॉक उचलला आणि त्या हातावर घातला. पहिल्यांदा धातू टेबलावर आपटल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा तसा आवाज आला नाही. तो ओरडला नाही, त्याच्या नाकातून हवा गेली एवढंच. मग त्यानं बसल्या जागेवरून माझ्या पोटात लाथ घातली. मी मागच्या रॅकवर पडलो. जुने मॉनिटर, डबे, स्क्रूच्या बरण्या माझ्या अंगावर आल्या. मी उठून परत त्याच्याकडं धावलो. खरं सांगायचं तर, मी थांबणार नव्हतो.

गल्लीतली माणसं आत शिरली. चहावाला, झेरॉक्सवाला, आणखी दोन-तीन जण. कॉलर धरून मला बाहेर ओढलं आणि तुडवलं. कुणीतरी हेल्मेटनं तोंडावर मारलं, दात हलला, तोंडात रक्त आलं. पाठीवर, बरगडीवर लाथा बसल्या. मी हात वर केले नाहीत. केले असते तरी उपयोग नव्हता. मग दुकानातून त्याचा आवाज आला. सोडा त्याला, जाऊ द्या. मोडलेला हात पोटाशी धरून तो दारात उभा होता. तेव्हा मला वाटलं, शेवटी दोस्त तो दोस्त. आता वाटतं, त्याला मी फक्त तिथून जायला हवा होतो. झेरॉक्सवाल्यानं डॉक आणि वायर माझ्या अंगावर फेकली. डॉकचा एक कोपरा चेपला होता.

घरी आलो तेव्हा आई पलंगावर बसलेली. माझं तोंड बघून तिनं काय झालं ते विचारलं नाही, कुणाला मारलंस एवढं विचारलं. मी सांगितलं. जातीचा शब्द सोडून सगळं सांगितलं. आईनं कपाळाला हात लावला.

"मी तर नीट केली होती रे पूजा," ती म्हणाली. "तोंडात कुंकू भरलं, वर दोन अक्षता टाकल्या. तरी असं कसं झालं?"

मी विचारलं, कुठल्या तोंडात? तिनं उठून लॅपटॉपच्या कडेचं ते चपटं भोक दाखवलं. गावी ती विळ्याच्या धारेला लावायची, कुऱ्हाडीच्या पात्याला, नांगराच्या फाळाला. हत्यार जिथून काम करतं तिथं कुंकू लागलं पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. ह्या मशीनची बाकीची भोकं वायरींनी भरलेली होती, हे एकच उघडं होतं, म्हणून हेच तोंड असणार असं तिनं ठरवलं. कोरडं कुंकू टिकंना म्हणून पाण्यात कालवून भरलं. मी मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं. तांबडी खपली, वाळून घट्ट झालेली. वरून मी अंगठा लावून लावून ती आणखी ठासली होती.

माझा हात वर गेला. खोटं कशाला बोलू, आईवर गेला. आई हलली नाही, आरडाओरडा केला नाही. तिनं फक्त डोळे मिटले आणि मान जरा तिरकी केली. गाल पुढं केला, कान वाचवला. बापाच्या वेळेला ती असंच करायची. मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून ती मान तशी वळताना बघितलीय. तो हात मी कपाटाच्या आरशात घातला. काच मनगटात शिरली, सात टाके पडले. आईनंच रिक्षानं दवाखान्यात नेलं.

सोमवारी मी सुजलेलं तोंड आणि बांधलेला हात घेऊन एकाच जुन्या मॉनिटरवर ते डिझाईन दाखवलं. मॉडेल दाखवायचं झालं की ड्रॉइंग झाकायचो, ड्रॉइंग दाखवायचं झालं की मॉडेल. पाऊण तासात संपलं आणि काम मिळालं. दुसऱ्या स्क्रीनची गरजच नव्हती.

त्याच आठवड्यात गावाकडून चुलत्याचा फोन आला. बातमी तिकडं पोचली होती. त्यानं एकच गोष्ट तीन-तीनदा विचारली, केस तर नाय ना केली त्यानं? बोटांचं कुणी विचारलं नाही. मलाही खरं तर पहिल्यांदा केसच आठवली होती, बोटं नंतर. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

बोटांची खबर मला झेरॉक्सवाल्याकडून मिळत गेली, तीही तो शिव्या देत देत सांगायचा म्हणून. अंगठ्याजवळचं आणि मधलं बोट, दोन्ही मोडली होती. प्लास्टर होतं तोवर दुकान बंदच राहिलं. गिऱ्हाइकं शटर बघून दुसरीकडं गेली. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. दोन्ही वेळा आत टीव्हीचा आवाज येत होता आणि दार उघडलं नाही. रात्रंदिवस एकच घोर लागला होता, ह्याचा हात परत चालणार का नाही? देवाला विचारावं तर देवाच्या नावानंच सगळं झालेलं.

दुकान उघडल्याचं कळलं त्या दिवशी मी लॅपटॉप आणि चेपलेला डॉक घेऊन गेलो. मी ते भोक साफ केलं नव्हतं, दुसऱ्या कुणाला करूही दिलं नव्हतं. का, ते नीट सांगता येत नाही. त्याच्यासमोर ठेवायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. टेबलावर सगळं ठेवून मी म्हणलं, तू बरोबर होतास. पूजेचंच कुंकू आहे आत.

त्यानं लॅपटॉप ओढून मायक्रोस्कोपखाली घेतला. उजव्या हातात चिमटा धरला आणि भोकाशी नेला. चिमट्याचं टोक थरथरत होतं. त्यानं हात मागं घेतला, परत नेला. चिमटा निसटून खाली पडला. मी उचलायला वाकलो तर त्यानं पायानंच मला बाजूला सारलं, स्वतः वाकून उचलला, डाव्या हातात घेतला आणि कामाला लागला. जे काम तो पाच मिनिटांत करायचा त्याला तासाच्या वर लागला. मी उभा होतो, त्यानं बस म्हणलं नाही. कुंकवाची खपली तुकड्या-तुकड्यानं निघाली. शेवटी तांदळाचा अर्धा दाणा निघाला. तो त्यानं कागदावर काढून माझ्याकडं सरकवला. पिन पूर्ण आत बसत नव्हती, असं त्यानं कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. मधल्या पिना टेकत होत्या म्हणून माऊस चालायचा, चित्र कडेच्या पिनांवरून जातं, त्या टेकत नव्हत्या.

मग त्यानं तो चेपलेला डॉक जोडला. दोन्ही स्क्रीन लागल्या.

मला रडू फुटलं. मी म्हणलं, मला मार, पोलिसात दे, पाहिजे ते कर, पण माफ कर. बोटं कशी आहेत ते तरी सांग. तो वायर गुंडाळत होता, नेहमीसारखी गोल, नीट. गुंडाळून झाल्यावर माझ्याकडं बघितलं.

"बोटं बसतील म्हणला डॉक्टर, सहा महिन्यांनी. तू बोलला ते नाय बसायचं. त्या कपाचा किस्सा मी पंधरा वर्षं ऐकून घेतला, का माहिताय? मला वाटायचं, तू कप खरंच फोडलास." त्यानं लॅपटॉप मिटला आणि माझ्या हातात दिला. "आता दुसरं दुकान बघ."

मी सामान घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई झोपेतून उठायच्या आत टेबल लावलं. दोन्ही मॉनिटर मांडले, मध्ये लॅपटॉप ठेवला, एकच वायर लावली. एका स्क्रीनवर मॉडेल आलं, दुसरीवर ड्रॉइंग. त्यानं सांगितलं होतं तसंच, कुठं अडखळलं नाही. मग मी मोबाईल कीबोर्डशेजारी ठेवला आणि वाट बघत बसलो. नऊ वाजले, दहा वाजले, आईनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. चालू झालं ना, असं विचारणारा फोन आला नाही.